हरण्याचा हिशेब : एनबीएच्या सोडतीविषयी

पराभव हा साहित्याचा जुना विषय. परंतु पराभव हेच उद्दिष्ट व्हावे, ही कल्पना आम्हांस नियमांच्या इतिहासात अधिक स्पष्ट भेटली. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटना एनबीए दरवर्षी नवोदित खेळाडूंची निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, घेते आणि दुबळ्या संघांना आधी निवडू देते. हेतू समतेचा. पण या खेळात एका संघाचे पाचच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. एक असामान्य खेळाडू संघाचे दशक पालटू शकतो. साहजिकच तळ गाठण्याला मोल आले. या जाणूनबुजून हरण्याला तिकडे ‘टँकिंग’ म्हणतात.

१९६६ ते १९८४ या काळात दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होऊन पहिली निवड ठरे. १९८३-८४ च्या हंगामात ह्यूस्टन संघ मुद्दाम हरत असल्याचा आरोप झाला. हंगामाच्या अखेरीस अडतीस वर्षांच्या एल्विन हेझला, अतिरिक्त वेळेत गेलेल्या एका सामन्यात, पूर्ण ५३ मिनिटे खेळवले गेले. तो दमला असेल, पण हरण्यासाठी खेळला असे म्हणता येत नाही. आम्हांस येथेच खरा पेच दिसतो. मैदानावरचा माणूस प्रामाणिक असतो. अप्रामाणिकपणा असलाच तर तो कोणाला उतरवायचे आणि कोणाला बसवायचे, या निर्णयात असतो. ह्यूस्टनने नाणेफेक जिंकली व हकीम ओलाजुवान घेतला. (त्याच वर्षी मायकेल जॉर्डन तिसरा निवडला गेला, हा दैवाचा विनोद निराळा.)

१९८५ मध्ये सोडत आली. बाद फेरी न गाठलेल्या सातही संघांना समान संधी. लिफाफ्यांतून न्यूयॉर्कचे नाव पहिले निघाले आणि पॅट्रिक यूइंग तिकडे गेला. लिफाफा आधीच गोठवून ठेवला होता, ही दंतकथा तेव्हापासून चालत आली आहे. तळाशी बरोबरीत असलेला गोल्डन स्टेट सातव्या क्रमांकावर ढकलला गेला. समतेने दुबळ्यावर अन्याय केला, म्हणून १९९० पासून संधींना भार दिला गेला : अकरा संघ, ६६ संधी, तळाला ११. पण १९९३ मध्ये ६६ पैकी एकच संधी असलेला ऑर्लँडो, ४१ विजय व ४१ पराभव घेऊन, सलग दुसऱ्यांदा पहिला आला. मग लंबक उलटा फिरला आणि १९९४ पासून तळाच्या संघाला २५ टक्के संधी मिळाली.

या २५ टक्क्यांचा तर्क फिलाडेल्फियाने शेवटास नेला. सॅम हिंकी यांच्या कारभारात २०१३ पासूनच्या तीन हंगामांत विजय १९, १८ आणि १०. त्यांनी काहीही लपवले नाही, म्हणूनच संघटनेला ते अधिक बोचले असावे. २०१४ मधील सुधारणेला १७ विरुद्ध १३ मते मिळाली. आवश्यक होती २३. २०१७ मध्ये ती निराळ्या रूपात संमत झाली आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के संधी देण्यात आली.

तथापि तळाचा मोह उतरला तसा तो मधल्या संघांकडे सरकला. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसला बाद फेरीची धूसर आशा होती. परंतु निवड पहिल्या दहाबाहेर गेली तर ती न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. डॅलसने शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडूंना बसवले, सामना गमावला, निवड राखली. आणि साडेसात लाख डॉलरचा दंड भरला. दंडाची रक्कम ठरलेली, लाभ अनिश्चित पण प्रचंड; अशा व्यवहारात दंड ही केवळ किंमत ठरते.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी सर्वांत वाईट कामगिरीचा संघ पाचव्या निवडीवर, म्हणजे नियमाने घसरता येईल तितका खाली, घसरला. २०२४ च्या डेट्रॉइटने तर त्या हंगामात सलग २८ सामने गमावले होते. आणि २०२५ मध्ये, अवघी १.८ टक्के संधी असताना, पहिली निवड डॅलसला मिळाली.