राजेश्वरची मुले: घरचे वळण, सीमा आणि स्थलांतर

राजेश्वर हे बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले गाव. सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की उमरग्याच्या पुढे, हुमनाबाद येण्याआधी महामार्गावर लागते. आमच्यातल्या बऱ्याच कुटुंबांचे मूळ या गावात, नाहीतर भालकी, औराद, आळंद या आसपासच्या तालुक्यांत आहे. आज ही कुटुंबे लातूर, पुणे, हैदराबाद, बेंगळूर अशी पांगली आहेत. काहींची मुले त्याहून लांब गेली आहेत. "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न या सगळ्या मुलांच्या वाट्याला येतो आणि एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही. असे का होते आणि त्यात घरच्या वळणाचा वाटा किती, हे सभासदांच्या मुलांना एका जागी वाचायला मिळावे म्हणून ही माहिती.

गाव तिथेच, राज्य बदलले

स्थलांतर म्हटले की माणसे हलतात असे आपण धरून चालतो. आमच्याकडे माणसे हलण्याआधी राज्य हलले. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे एकाच जिल्ह्यात राहत आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. हैदराबादला 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत उर्दू लागे. यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. ते आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि 1982 पासून लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. उदगीरला दिलेली लेक आणि भालकीचे माहेर एका दिवसात दोन राज्यांत झाले. सोयरीक तुटली नाही, पण शाळेची पुस्तके वेगळी झाली आणि नोकरीची दारेही. त्यानंतरच्या पिढीला आपण बहुसंख्य की अल्पसंख्य, याचा विचार पहिल्यांदा करावा लागला.

या बदलाचा चांगला दाखला म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. 1903 मध्ये त्यांचा जन्म सिंदगीला झाला, ते गाव आज कर्नाटकात आहे. शिक्षक म्हणून त्यांचे काम हिप्परगा आणि अंबाजोगाई इथे, म्हणजे मराठवाड्यात. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे ते नेते. 1952 मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांना कन्नड मुलखाचे म्हणावे की मराठी, यावर आजही कोणी भांडत नाही. त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना मात्र शाळेच्या अर्जावर एकच रकाना भरावा लागला.

घरात काय मिळते

आमच्या घरांतले मिश्रण 1956 पेक्षा फार जुने आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले गाणगापूर हे दत्ताचे मोठे स्थान. त्याचा महिमा सांगणारे गुरुचरित्र मराठीत आहे, पण मराठी ही आपली भाषा नव्हे असे ते लिहिणारे सरस्वती गंगाधर ग्रंथातच सांगतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे केली, तशी कन्नड आणि हिंदीतही केली. बसवण्णांच्या कल्याणनगरीला मानणाऱ्या कितीतरी लिंगायत घरांत बोलणे मराठी आणि वाचन मन्मथस्वामींच्या परमरहस्याचे. म्हणून लिंगायत म्हणजे कन्नड आणि मराठी म्हणजे अमुक जात, असे हिशेब आमच्या भागात चालत नाहीत. शहरात वाढलेल्या मुलांना हे कोणी सांगितले नाही तर ते कळायचे कसे?

मुलाला घरातून धर्म आणि संस्कार मिळतात ते खरे. पण त्याहून आधी त्याला मिळतो तो बोलण्याचा सूर. आमच्या घरांत अव्वा, अप्पा, अक्का, अण्णा ही नाती कन्नड-मराठी दोन्ही बाजूंची. "काय करलालास?", "कुठं जालालास?" ही बोली बिदरपासून उदगीर-लातूरपर्यंत ऐकू येते. सणांचेही तसेच. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या लातूर-धाराशिवकडे जशी, तशीच बिदर-कलबुर्गीत होते. कन्नडमध्ये तिला येळ्ळ अमावास्या म्हणतात. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील आणि खीर. पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकेत या दिवशी फक्त काळा गोल असतो. शेजारच्या मुलांना हा सण सांगायचा तर आधी कोप म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

गाव सोडल्यावर

बाहेर पडण्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: कोरडवाहू शेती, थोडे उद्योग, कॉलेज लांब. पगारदार घरे मुलांच्या शिक्षणासाठी गेली, त्यांच्याबद्दल आमच्याकडे बोललेही जास्त जाते. याच भागातल्या तांड्यांवरची लमाण कुटुंबे बांधकामावर मुंबई-पुण्याला जातात, त्यांच्या मुलांच्या घरची भाषा गोरमाटी. शाळा हंगामासोबत तुटते आणि पुन्हा जोडली जाते. त्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण आहे. या लेखातले सगळे त्यांना लागू पडेल असे आम्ही म्हणणार नाही.

पगारदार घरांकडे वळू. कुटुंब कोणत्या दिशेने गेले, यावर मूल काय वाचायला शिकेल हे ठरते. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाले. तेलंगणाने 2018 मध्ये तेलुगूसाठी तसाच कायदा केला आणि महाराष्ट्राने 2020 मध्ये मराठीसाठी. ज्याने त्याने आपल्या भाषेची काळजी घ्यावी हे रास्तच, तक्रार करण्याजोगे त्यात काही नाही. पण राजेश्वरच्या एखाद्या आजीचा एक मुलगा गावी, दुसरा हैदराबादला आणि मुलगी पुण्याला असेल, तर तिची नातवंडे तीन लिप्या शिकतात. दिवाळीत एकत्र आल्यावर मुले आपसात हिंदी-इंग्रजीत बोलतात आणि आजी मधे बसून ऐकते. ही गोष्ट आम्ही एकाहून जास्त घरांत पाहिली आहे.

पुण्यात आलेल्या मुलाची अडचण वेगळीच. त्याला वाटते आपण मराठी, आता मराठी मुलखात आलो. वर्गात तो "करलालाव" म्हणतो आणि मुले हसतात. इथे घरचे वळण कसे आहे, याला महत्त्व येते. काही आईवडील त्याच दिवसापासून घरातली बोली बंद करतात, पाहुण्यांसमोर कन्नड फोनही आत जाऊन घेतात. मूल त्यातून शुद्ध मराठी शिकते आणि आपल्या घराची लाज वाटायलाही शिकते. दुसरीकडे, गावी राहिलेल्या काही घरांत मुलाच्या कानावर सतत अन्यायाचीच गोष्ट पडते आणि कन्नड शिकणे त्याला हार वाटू लागते. पुढे बेंगळूरला नोकरी लागली की याच मुलाची सर्वांत जास्त कुचंबणा होते. आमच्या मते ही दोन्ही वळणे मुलाचे नुकसान करतात, आणि दुसऱ्यापेक्षा पहिले अधिक, कारण ते मुलाला प्रतिष्ठेचे वाटते आणि कोणी अडवत नाही.

तारुण्यातल्या "ओळखीच्या पेचा"ची कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन स्वतः असेच दोन बाजूंचे होते. आई डॅनिश, वाढले जर्मनीत सावत्र वडिलांच्या आडनावाने, 1933 मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथले नागरिक होताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की तरुणाला आपण कालचेच आहोत ही सलगता आतून जाणवावी लागते, आणि भोवतालच्या लोकांनीही ते मान्य करावे लागते. आमच्या मुलांना दुसरी गोष्ट सहज मिळत नाही. बिदरमध्ये ती "मराठीवाली" असतात आणि पुण्यात "कर्नाटकातली". त्यामुळे पहिली गोष्ट घरानेच भक्कम करावी लागते. आपली बोली कुठून आली, आजोबा उर्दू का वाचत, मावशी लातूर जिल्ह्यात आणि मामा बिदरमध्ये का, एवढे मुलाला नीट सांगता आले तरी वर्गातल्या हसण्याला त्याच्याकडे उत्तर असते. हैदराबादच्या कुटुंबांना या कामी थोडी मदत आहे. सुलतान बाजारचे मराठी ग्रंथ संग्रहालय आणि विवेकवर्धिनीसारख्या जुन्या संस्थांनी तिथे मराठीचा धागा टिकवून धरला.

कागदावरची ओळख

मूल दहावीपर्यंत आले की ही ओळख दाखल्यांवर उतरते. कर्नाटकाच्या बाजूने कलम 371 जे आहे. 98 व्या घटनादुरुस्तीने ते आले आणि हैदराबाद-कर्नाटक भागाला लागू झाले. 2019 पासून या भागाला कल्याण कर्नाटक म्हणतात. या भागातल्या शिक्षणसंस्थांत स्थानिकांना 70 टक्के आणि राज्यात इतरत्र 8 टक्के जागा मिळतात, त्यासाठी पात्रतेचा दाखला तहसीलमार्फत काढावा लागतो.

महाराष्ट्राच्या बाजूने वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांसाठी सोय आहे. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे राहणारा, तिथल्या शाळेतून दहावी वा बारावी झालेला आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना "ई" प्रकारात अर्ज करू शकतो. म्हणजे एकच मुलगा एका खिडकीवर कल्याण कर्नाटकचा स्थानिक आणि दुसऱ्या खिडकीवर महाराष्ट्राचा मराठी असू शकतो. यात लबाडी नाही, दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मुलांना मात्र आपण काहीतरी लपवत आहोत असे वाटते, म्हणून दाखले काढताना मुलाला बरोबर न्यावे आणि दोन्हींमागचा इतिहास सांगावा.

गाव सोडण्याआधी एक हिशेब जरूर करावा. दहावीआधीच मुलाला हैदराबादला हलवले आणि दहावी-बारावी दोन्ही तिथेच झाल्या, तर "ई" प्रकाराची वाट बंद होते. नावाचाही घोळ होतो. कर्नाटकातल्या दाखल्यांवर पुष्कळदा आडनाव नसते, फक्त आद्याक्षर असते, आणि महाराष्ट्रातले अर्ज आडनावापासून सुरू होतात. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत मुलाचे पूर्ण नाव आणि मातृभाषा कशी लिहिली आहे ते दहावीचा अर्ज भरण्याआधी पाहून घ्यावे, नंतर दुरुस्तीला फार फेऱ्या माराव्या लागतात. प्रवेशाचे नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावेत.