‘उतरणे’ आणि ‘हॉटेल’ : हिंगोलीच्या प्रवाशाच्या वाटेवरील दोन शब्द

परगावाहून आलेल्या माणसास हिंगोलीकडे आजही ‘कोठे उतरलात?’ असे विचारतात. घोड्यावरून अथवा गाडीतून खाली येणे हा ‘उतरणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ असून मुक्काम करणे हा त्याचा लक्षणेने आलेला अर्थ होय. या प्रश्नाच्या उत्तरी इमारतीचे नाव अपेक्षित नसते, माणसाचे असते : अमुकांकडे, मामांकडे, गावच्या एखाद्या पोराच्या खोलीवर. ‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला तेव्हा मुक्कामाचा अर्थ मात्र त्याच्याबरोबर आला नाही. हिंगोलीच्या बाजारात हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण. रात्री राहावयाचे ते ‘लॉज’. एकाच परकीय शब्दाचे असे दोन तुकडे का पडले, याचा शोध घेतला असता प्रवाशाच्या सामाजिक इतिहासाचा बराच भाग हाती येतो.

हिंगोलीचा प्रदेश प्रवासास अपरिचित नाही. येथून जवळच असलेले नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव उत्तरेत पंजाबापर्यंत गेले आणि त्यांच्या 61 रचना गुरु ग्रंथसाहेबात समाविष्ट झाल्या. या प्रवाशांच्या मुक्कामासाठी मराठीत शब्दही पुष्कळ होते : धर्मशाळा, मठ, सराई, मुसाफिरखाना. तथापि यांपैकी प्रत्येक शब्दामागे एक न लिहिलेली अट असे. धर्मशाळा पुण्यार्थ बांधलेली, म्हणून बांधणाऱ्याच्या धर्मकल्पनेत जे बसत त्यांच्यापुरतीच. मठात उतरावयाचे तर संप्रदायाची ओळख हवी. (‘सराई’ हा फारसी शब्द मुळात वाडा, राजगृह या अर्थाचा, इकडे येईतो तो वाटसरूंच्या ओट्यावर उतरला. ‘हॉटेल’चीही पुढे तीच गत झाली, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.) पैसे मोजून मिळणारी गोष्ट होती ती जेवणाची. धुणावळ, दळणावळ, शिवणावळ या शब्दांशी ताडून पाहिल्यास ‘खाणावळ’ हाही मुळात मोबदल्याचाच शब्द असावा, आणि स्थळाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला असावा, असे वाटते. मुक्कामाला असा मोबदल्याचा रूढ शब्द मराठीने घडविला नाही.

अनोळखी माणसाजवळ उतरण्यात जिवाचे भय होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याने 1839 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्याच छावणीतील हरिसिंगाची हकीकत दिली आहे. हा मनुष्य तेथे प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत असे, आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झाला होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने सरकारी परवाना मिळविला. ते कापड घेऊन दुसराच एक व्यापारी वाटेने येत होता, हे त्यास ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याचा व त्याच्या माणसांचा त्याने खून केला आणि तोच माल परवान्याच्या आधारे हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकला. तो ठगांचा नायक होता, हे मागाहून उघड झाले. ठगांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीचा कोश स्लीमन याने 1836 साली कलकत्त्यास छापला. भाषाभ्यासकास तो मोलाचा असला, तरी तो चाळताना अंगावर काटा येतो. मुंबई–हिंगोली वाटेवर ‘कोणाकडे?’ हा प्रश्न ‘कोठे?’ या प्रश्नाहून महत्त्वाचा का होता, हे यावरून कळावे.

हिंगोलीची ही लष्करी छावणी 1903 साली उठली. त्याच वर्षी 16 डिसेंबर रोजी मुंबईत जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. परंतु हा योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी त्याचा आराखडा केला आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स याने काम पुरे केले. शेजारचे गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पूर्ण झाले, म्हणजे हॉटेल दरवाजाहून वयाने वडील आहे. येथे प्रथमच एका मराठी स्थपतीच्या हातून ‘हॉटेल’ हा शब्द त्याच्या पूर्ण युरोपीय अर्थाने उभा राहिला, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

दाम मोजले की दार उघडते, हा या शब्दातील गर्भितार्थ. तो किती पोकळ ठरू शकत होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवाने दाखविले. अमेरिका व इंग्लंड येथील विद्यार्थिदशेनंतर ते 1917 साली नोकरीसाठी बडोद्यास गेले. पैसे देण्याची तयारी असूनही त्यांना उतरावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांस ती जागा सोडावी लागली. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्याबरोबर ‘हॉटेल’ हा शब्द आला आहे, तो उगाच नव्हे. आमच्या भाषेत कायद्याचे बळ लाभलेले परकीय शब्द थोडे. त्यांत याची गणना केली पाहिजे.

ताजच्या जुन्या इमारतीलगत 1973 साली उंच मनोरा उठला. तोवर मराठवाडा महाराष्ट्रात येऊन एका तपाहून अधिक काळ लोटला होता. हिंगोलीचा विद्यार्थी त्या काळी पूर्ण्यावरून छोट्या रुळांच्या गाडीने मनमाडास येई आणि तेथे मोठ्या रुळांची गाडी धरून मुंबईस पोचे. तो उतरे मात्र गाववाल्याच्या खोलीवर. आजही परीक्षेस वा मुलाखतीस गेलेला विद्यार्थी बहुधा तसाच उतरतो, आणि सवडीने समुद्राकाठी मनोरा पाहावयास जातो. अशा एका विद्यार्थ्यास मी विचारले, ‘आत गेला होतास?’ तो म्हणाला, ‘गेलो की, सर. दारावर सामान तपासलं, पण कोणी काही विचारलं नाही. एक चहा घेतला. तेवढ्यात महिन्याची खाणावळ गेली.’

‘खाणावळ’ हा शब्द त्याने जुन्या, मोबदल्याच्या अर्थानेच वापरला. आणि हॉटेल म्हणजे चहाचे ठिकाण, हा हिंगोलीचा अर्थही त्याने तेथवर नेला. ‘मग उतरला कोठे होतास?’ असे विचारता त्याने चुलतभावाचे नाव सांगितले.