इंग्रजी मिश्रण : पाइपच्या तंबाखूची पारख

इंग्रजी मिश्रण : व्हर्जिनिया, ओरिएंटल (तुर्की) आणि लताकिया या पानांच्या मेळातून बनणारी, वरून गोडी किंवा अत्तर न लावलेली पाइपची तंबाखू. ओरिएंटलचा वाटा वाढला की तिलाच ‘बाल्कन’ म्हणतात, पण ही सीमा विकणाऱ्यांनीही कधी काटेकोर पाळली नाही. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून तंबाखूतील भेसळीवर कायद्याचे निर्बंध होते. त्यामुळे चवीचा सारा भार पानावर आणि ते सुकवण्याच्या रीतीवर पडला. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढले. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून त्याला क्रमांक देत आणि वहीत नोंद ठेवत. ‘माय मिक्श्चर ९६५’ या नावातला आकडा त्याच प्रथेचा.

ही पारख इथे हैदराबादेत करायची आहे, आणि या शहराची ख्याती पाइपसाठी नाही, हुक्का आणि सिगारेट यांसाठी आहे. मोगल दरबारात तंबाखू पोचली तीच दख्खनमधून. दरबाराचा दूत असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापूरहून आणलेली तंबाखू आणि नळी अकबरापुढे ठेवली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे बीदरच्या कारागिरांनी जस्ताच्या काळ्या मिश्रधातूवर चांदी जडवून हुक्क्याची बुडे घडवली. सालारजंग संग्रहालयातल्या बिदरी वस्तू पाहिल्या की धूम्रपानाला इथे केवढा थाट होता ते कळते. १९३० मध्ये वझीर सुलतान यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि तिची बिनफिल्टरची ‘चारमिनार’ सिगारेट देशभर गेली. सत्यजित राय यांच्या कथांतला गुप्तहेर फेलूदा हीच ओढतो. हुक्क्याची गुडाखू मात्र गुळात मळलेली असते. त्या गोडीवर वाढलेल्या जिभेला इंग्रजी मिश्रण पहिल्या झुरक्याला रूक्ष वाटते, आणि यात जिभेचा दोष नाही.

मिश्रणाचा पाया असलेली व्हर्जिनिया जात हैदराबादला परकी नाही. शेजारच्या आंध्रात प्रकाशम आणि गोदावरी जिल्ह्यांत ती पिकते. तंबाखू मंडळाचे मुख्यालय १९७६ पासून गुंटूरला आहे, तर संशोधन संस्था १९४७ पासून राजमहेंद्रीला. पान भट्टीत टांगतात आणि लोखंडी नळांतल्या उष्णतेवर काही दिवस सुकवतात. धूर पानाला लागू देत नाहीत. त्या अवधीत पानातल्या पिष्टाची साखर होते आणि रंग लिंबासारखा पिवळा होतो. लताकियाचे याच्या नेमके उलट. सिरियातल्या बंदराचे नाव लावणारे हे पान आता मुख्यतः सायप्रसची वाट धरून येते. उन्हात वाळवल्यावर त्याला सुगंधी झाडोऱ्याची धुरी दीर्घकाळ देतात, म्हणून ते काळे पडते. डबा उघडताच धुरकट लाकूड, कमावलेले चामडे आणि ऊद यांचा जो वास येतो, तो याचाच. दर्ग्यातल्या लोबानाशी ज्याचे नाक परिचित आहे, त्याला हा वास उमजायला वेळ लागत नाही. ओरिएंटलचे पान बारीक. त्याची आंबूस, किंचित मसालेदार चव या दोघांमधला सांधा. काही मिश्रणांत लुइझियानातले, पिंपात दाबून आंबवलेले पेरीक चिमूटभर असते.

पारख नाकाने सुरू होते, पण नाकावर संपवू नये. डब्यातला वास लताकियाने व्यापलेला असतो आणि नवखा परीक्षक तिथेच निकाल देऊन टाकतो. आधी ओलावा पाहावा. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीत दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली, चुरा झाला तर कोरडी. सावकाश उमलली तर बरोबर. हैदराबादच्या एप्रिलमध्ये उघडा डबा लवकर कोरडा पडतो, पावसाळ्यात तंबाखू उलट ओल धरते, त्यामुळे ही चाचणी इथे टाळून चालत नाही.

पाइपची वाटी तळाशी सैल आणि वर जरा घट्ट भरावी. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती हलकेच दाबून दुसरी काडी लावावी आणि मग घाई न करता झुरके घ्यावेत. जोरात ओढले की वाफ आणि उष्णता जिभेला चरचरते. हा दोष बहुधा ओढणाऱ्याचा असतो, मिश्रणाचा क्वचित. धूर छातीत न घेता तोंडातून नाकावाटे सोडला की ओरिएंटलची बारीक चव हाती लागते. पारखीच्या आधी दुधाळ इराणी चहा घेऊ नये, तोंडावर साय बसते; साधे पाणी पुरे.

खरा निकाल वाटीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात लागतो. लताकिया वरणातल्या हिंगासारखा असावा : आहे हे कळावे, पण वरण हरवू नये. तळाशी व्हर्जिनियाची गोडी शिल्लक असेल तर मिश्रण उत्तम. तिथे निव्वळ राखेची चव उरली, तर वरचा डौल फसवा होता असे समजावे. राख बारीक, फिकट करडी, तळ कोरडा, ही जमेची बाजू. लताकियाचा वास पाइपच्या ब्रायर लाकडात मुरतो आणि पुढच्या तंबाखूत उतरतो, म्हणून परीक्षक त्यासाठी वेगळा पाइप राखतात.

पाइपचा धूर छातीत न घेतला तरी ओठ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. भारतात २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या, सार्वजनिक जागी ओढण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून मनाई आहे, आणि तेलंगणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी घातली.

बंद डब्यात मिश्रण वर्षानुवर्षे बदलत राहते : व्हर्जिनिया गोड आणि गडद होते, लताकियाची उग्रता ओसरते. त्यामुळे ताजे आणि मुरलेले यांना एकाच फुटपट्टीने मोजणे अन्यायाचे आहे. डब्याचे वय नोंदीत आधी लिहावे आणि चव नंतर.