रूपांतराची वाट : मराठी रहस्य-साहसकथेच्या फेरविचारासाठी काही टिपणे

हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ही १८८५ सालची. तिच्यामागे इंग्रज कादंबरीकार जॉर्ज रेनॉल्ड्स याच्या लंडनविषयक रहस्यकथेची प्रेरणा होती, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. ती नोंदवून इतिहासकार पुढे सरकतात. रेनॉल्ड्स हा हरिभाऊंच्या उमेदवारीचा भाग ठरतो आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्या उमेदवारीतून झालेली सुटका ठरते. ह्याच रेनॉल्ड्सच्या कथा गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनी देशी वेष देऊन मराठीत आणल्या, तेव्हा मात्र त्याच उसनवारीचा अर्थ बदलतो. दातारांच्या बाबतीत रेनॉल्ड्सचे नाव हा तपशील राहत नाही. तो निकाल होतो. ‘कालिकामूर्ती’ किंवा ‘चतुर माधवराव’ यांच्याविषयी बोलताना ‘रेनॉल्ड्सच्या धर्तीवरील’ एवढे म्हटले की पुढे वाचण्याची गरज उरत नाही, असे आपण मानत आलो.

एकाच स्रोताला दोन न्याय लावण्याची ही रीत समीक्षेच्या अनवधानातून आलेली नाही. कादंबरीचे कोणते रूप ‘वाङ्मय’ म्हणायचे आणि कोणते नुसते ‘वाचन’ म्हणायचे, ह्याविषयीच्या एका दीर्घ निवाड्याचा ती परिणाम आहे. रहस्यकथा, साहसकथा, भयकथा यांच्याविषयी अलीकडे पुन्हा कुतूहल दिसू लागले आहे. जुन्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघतात, निवडक खंड येतात. त्यामुळे हा निवाडा मुळात कसा झाला ते तपासणे आवश्यक झाले आहे. तसे केले नाही, तर हा पुनःशोध बालपणीच्या आठवणींचा उमाळा एवढाच राहील.

मराठी कादंबरीच्या आरंभी अद्भुतता भोळेपणाने आली, असा समज रूढ आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) समाजाकडे पाहणारी, तर लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) संस्कृत आणि फार्सी कथांच्या गुंगीत रमलेली, अशी ही मांडणी असते. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ (१८७१) ह्या तीन कादंबऱ्यांतून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती उलगडून दाखवल्या आणि त्यांची मूल्यदृष्ट्या श्रेणीही लावली. ही मांडणी महत्त्वाची आहे. पण तिच्यात एका दस्तऐवजाला पुरेसे वजन मिळत नाही. तो म्हणजे ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या कादंबरीला नारो सदाशिव रिसबूड यांनी जोडलेली प्रस्तावना.

रिसबुडांचा मुद्दा थोडक्यात असा : आपल्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात चित्त वेधून घेईल असे गुण किंवा दुर्गुण आढळत नाहीत. रोज अनुभवास येते तेच लिहिले, तर त्यात वाचकाला ओढून नेणारे काही सापडणार नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. ह्या विधानाकडे आजवर बहुधा कबुलीजबाब म्हणून पाहिले गेले. वस्तुतः हे कादंबरीच्या समाजशास्त्राचे मराठीतील एक आद्य विधान आहे. कथानकासाठी माणसाला निवड करता आली पाहिजे, मार्ग चुकता आला पाहिजे, अनोळखी माणसाशी संबंध जोडता आला पाहिजे. बालविवाहाच्या आणि जातिबंधनांच्या समाजात ही मोकळीक नाही. म्हणून ती कल्पित राज्यात, गुहेत, जंगलात शोधावी लागते. अद्भुत हा येथे अज्ञानाचा परिणाम नाही. वास्तवातील एका अभावाला दिलेले ते जाणीवपूर्वक उत्तर आहे.

चारच वर्षांनी, १८७२ साली, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ आला आणि असंभाव्यता हा मराठी कादंबरीचा मुख्य दोष म्हणून पुढे मांडला गेला. नंतरच्या समीक्षेने मराठ्यांचे बोट धरले आणि रिसबुडांचे सोडले. १९०२ साली वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तव ह्या दोन्ही प्रकारांचा गांभीर्याने विचार केला होता. पण तोवर हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांनी जो मानदंड उभा केला होता, त्यापुढे अद्भुताचा पक्ष दुबळा झाला होता. वास्तववाद हा कादंबरीचा एक प्रकार न राहता तिचे वय होऊन बसला : जे वास्तव ते प्रौढ, जे अद्भुत ते पोरसवदा.

आता ज्या रेनॉल्ड्सवर ह्या प्रवाहाचा सगळा दोष टाकला जातो, तो कोण होता? जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतला माणूस. मार्च १८४८ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात झालेल्या सभेचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले होते. त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४ पासून स्वस्त साप्ताहिक अंकांतून निघू लागली. सरदारांचे वाडे आणि गुन्हेगारांच्या वस्त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, हे दाखवणे हा तिचा उद्योग होता. इंग्लंडमधील प्रतिष्ठित समीक्षेने त्याला दूर ठेवले आणि पुढे तो तेथे जवळजवळ विस्मरणात गेला. भारतात मात्र तो दीर्घकाळ वाचला गेला, अनेक भाषांत रूपांतरित झाला. प्रिया जोशी यांनी २००२ सालच्या आपल्या ग्रंथात वसाहतकालीन ग्रंथालयांच्या आधारे भारतीय वाचकांच्या पसंतीचा जो अभ्यास केला, त्यात रेनॉल्ड्सचे स्थान ठळकपणे पुढे आले. शाळा-महाविद्यालयांतून जी इंग्रजी कादंबरी शिकवली जात होती आणि वाचक स्वतःहून जी मागत होता, त्या दोन वेगळ्या होत्या.

रेनॉल्ड्स मराठीत येताना त्याचे लंडन गळून पडले. त्याच्या जागी एतद्देशीय राजदरबार, किल्ले आणि गुप्त भुयारे आली. ह्यात काही गमावले हे उघड आहे : आधुनिक शहर गेले, वर्गसंघर्षाची थेट भाषा गेली. पण सत्ताधाऱ्याच्या वाड्यात काहीतरी कुजके दडले आहे आणि ते कधीतरी उघड होणार, हा गाभा राहिला. परकीय सत्तेखालच्या वाचकाने तो कसा वाचला असेल, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा होता. ‘उसने’ म्हणून शिक्का मारल्यामुळे तो विचारलाच गेला नाही.

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांच्या बाबतीत ही विभागणी एकाच लेखकाच्या अंगावरून गेली. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेला हा लेखक अंथरुणावरून लिहीत राहिला. ‘वीरधवल’ (१९१३) ही अद्भुतरम्य, ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ (१९१५) ही गुन्हेगारी टोळीची, ‘डॉक्टर’ ही सामाजिक आणि स्वराज्यावरील मालिका ऐतिहासिक. आपण त्यांची ऐतिहासिक कादंबरी इतिहासाच्या खात्यात टाकली, सामाजिक कादंबरी सुधारणेच्या खात्यात, आणि उरलेल्या दोन्ही ‘रंजन’ म्हणून बाजूला काढल्या. चारही एकाच लेखणीने, एकाच वाचकासाठी लिहिल्या होत्या, हे ध्यानात घेतले तर खात्यांचा कृत्रिमपणा कळून येतो.

बाबूराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) यांच्यापाशी आल्यावर हा प्रश्न संख्येचा होतो. १९३६ ते १९८४ ह्या काळात पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या १,०९२ रहस्यकथांची दखल गिनेस बुकाने घेतली होती. मराठी समीक्षेनेही त्यांची दखल बहुतेक वेळा ह्या आकड्यापुरतीच घेतली. पण आकडा ही समीक्षा नव्हे. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही पात्रे कोणत्या गरजेतून लोकप्रिय झाली? झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या कक्षेबाहेर राहून, कायद्याचे हात जेथे पोचत नाहीत तेथल्या दुष्टाला शासन करतात. असा सभ्य दरोडेखोर इंग्रजी रहस्यकथेतही आहे. तेथे तो पुष्कळदा फुरसतीतल्या माणसाचा खेळ असतो. येथे, आरंभीच्या दशकात तरी, पोलीस परक्या सरकारचे होते आणि वाचक मुंबईच्या चाळींतला कारकून किंवा गिरणीकामगार होता. न्याय आणि कायदा ह्या दोन गोष्टी एक नाहीत, ही जाणीव त्या वाचकाला वर्तमानपत्रातून नव्हे तर जगण्यातूनच होती. अर्नाळकरांची भाषा घाईची आहे, त्यांची स्त्रीपात्रे साचेबंद आहेत, योगायोगाला त्यांच्याकडे अंत नाही. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण दोष दाखवण्यासाठीही आधी वाचावे लागते.

पुढे हे अलगीकरण प्रकाशनव्यवहारातही स्थिर झाले. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केले. ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही त्यांचीच मासिके. अद्भुत आणि रहस्य यांसाठी ‘नवल’, विनोदासाठी ‘मोहिनी’, वाङ्मयासाठी ‘हंस’. तिन्ही खोल्या एकाच घरातल्या होत्या आणि यजमानही एकच होता. आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांतल्या एकाच खोलीचे वर्णन केले आणि त्यालाच घर म्हटले.

नारायण धारप (१९२५–२००८) यांचे उदाहरण ह्या प्रश्नाला आजच्या काळात आणून सोडते. ‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वरून आलेली. पाश्चात्त्य पिशाच्चकथेत क्रूस आणि पवित्र जल ही संरक्षणाची साधने असतात. त्यांच्यामागे चर्चची संस्था उभी असते. मराठी भयकथेला ही साधने जशीच्या तशी वापरता येत नाहीत. दुष्ट शक्तीला तोंड देणारे बळ कोणत्या श्रद्धेतून यायचे, हे रूपांतरकाराला नव्याने ठरवावे लागते. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत हे बळ उपासना, मंत्र आणि गुरू यांच्या परंपरेतून येते. ही नुसती वेषांतराची गोष्ट नाही. कोणत्या श्रद्धेवर वाचक क्षणभर तरी विश्वास ठेवील, ह्याची ती अचूक परीक्षा आहे. रूपांतरकाराची प्रतिभा येथे दिसते आणि मूळ संहिता शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसणार नाही.

२०१८ साली आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) वरून घेतलेले आहे; त्यातील भयाचे बीज मात्र धारपांच्या कथेतले. एकाच कलाकृतीत मराठीचा मान्यताप्राप्त वारसा आणि नाकारलेला वारसा असे शेजारी येऊन बसले. त्याआधी २०१३ मध्ये सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या ‘दुनियादारी’वर आणि २०१७ मध्ये भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर चित्रपट निघाले. निर्माते आणि दिग्दर्शक ज्या कपाटाकडे वळले, त्याची यादीही समीक्षेने नीट केलेली नाही.

ह्यातून एक धोकाही संभवतो. चित्रपटाने उचललेली किंवा चाहत्यांच्या आठवणीत राहिलेली पुस्तके तेवढी पुन्हा छापली जातील आणि उरलेली शेकडो पुन्हा एकदा विस्मरणात जातील. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली. दिवसाला काही पैसे भाडे घेणाऱ्या वाचनालयांतून ती हातोहात फिरली आणि वाचून वाचून फाटली. अभिजात ग्रंथ न वाचल्यामुळे टिकतो, ही पुस्तके वाचल्यामुळे नष्ट झाली. वाचनालये बंद पडली तेव्हा ती रद्दीत गेली, आणि संदर्भग्रंथालयांना ती जपण्याजोगी वाटली नव्हती.

म्हणून पुनःशोधाचा आरंभ रसग्रहणाने नव्हे, सूचीने व्हावा. त्यासाठी साधने आहेत. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या होत. त्यांत किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्याही असे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे १८०० ते १९३७ चा (१९४४) आणि १९३८ ते १९५० चा (१९६१) असे खंड आहेत. दात्यांनी पुस्तकाची प्रतिष्ठा पाहून नोंद केली नाही. पुस्तक निघाले एवढे त्यांना पुरेसे होते. सूचिकाराची ही निरपेक्षता समीक्षकाने आरंभबिंदू म्हणून स्वीकारावी. त्यानंतर मूळ आणि रूपांतर यांचे जोडीने वाचन व्हावे : काय गळले, काय आले, कोणती गोष्ट मराठीत सांगताच आली नाही. आणि मगच मूल्यमापन. त्यात पुष्कळ कादंबऱ्या टिकणार नाहीत, हे मान्य करायला हरकत नाही.

अमुक लेखक थोर होता असे सिद्ध करणे, हा ह्या उद्योगाचा हेतू नाही. दीडशे वर्षे मराठी माणूस स्वतःच्या आवडीने, कोणी न सांगता, पैसे देऊन काय वाचत आला, ह्याचा इतिहास आपल्याजवळ नाही. तो नसताना ‘मराठी वाचक’ ह्या शब्दाने आपण जे सिद्धान्त मांडतो, त्यांतला वाचक बहुतांशी आपल्यासारखाच असतो. रिसबुडांनी १८६८ साली निदान त्या दुसऱ्या वाचकाचा विचार करून प्रस्तावना लिहिली होती. त्या प्रस्तावनेला आपण अजून उत्तर दिलेले नाही.