सामान बांधलेल्या बाइकवर चढायचं कसं? गाडी निघण्याआधीच तोल का जातो?

गणपतीला मुंबईहून कोकणात, सुट्टीत लडाखला किंवा बदली झाली म्हणून पुण्याहून नाशिकला, बाइकवर सामान बांधून निघणारे अनेक जण असतात. घाटात गाडी कशी चालवायची, यावर बरंच बोललं जातं. पण भरलेली गाडी आडवी होण्याचा धोका ती सुरू होण्याआधीच असतो. जागेवर उभ्या गाडीवर चढताना उजवा पाय मागून फिरवला जातो, टाच मागच्या बॅगेला अडकते आणि गाडी, सामान, माणूस असे तिघंही एका बाजूला जातात. पायावर गाडी पडली तर घोटा मोडू शकतो.

हे का होतं आणि कसं टाळता येतं, ते समजून घेऊ.

बाइकवर एकूण किती वजन चालतं?

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार दिलेला असतो. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं धरलेलं असतं. रोजच्या वापरातल्या १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांसाठी हा आकडा १३० किलोच्या आसपास असतो.

आता हिशेब करा. चालवणारा ७० किलोचा आणि मागे बसणारा ६० किलोचा असेल, तर १३० किलो तिथेच भरले. सामानासाठी काहीच उरलं नाही. म्हणजे डबल सीट जाताना पाठीवर सॅक आणि कॅरिअरवर बॅग असेल, तर गाडी मर्यादेच्या बाहेर गेलेली असू शकते. स्वयंपाकाचा भरलेला गॅस सिलिंडर घ्या. आतला गॅस १४.२ किलोचा आणि रिकामी टाकी साधारण तेवढीच, म्हणजे जवळपास ३० किलो वजन. तेही गोल आणि घसरणारं.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हे का महत्त्वाचं?

बाइक चालू असताना बऱ्याच अंशी स्वतःला सावरते. थांबली की तिला फक्त स्टँड किंवा तुमचे पाय धरून ठेवतात. वजन जितकं उंचावर, तितकी थोडी कललेली गाडीही सावरायला जड जाते.

वजन मागे असण्याचा त्रास वेगळा आहे. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे ठेवलेलं सामान तरफेसारखं काम करतं. समजा, दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर आहे आणि २० किलोची बॅग मागच्या आसापासून २५ सेंटिमीटर मागे बांधली आहे. अशा वेळी मागच्या चाकावर २० नाही, तर २४ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकावरचा भार ४ किलोने कमी होतो. पुढचं चाक हलकं झालं की हँडल सैल वाटतं, चढावर गाडी वळायला टाळाटाळ करते आणि हेडलाइटचा झोत वर जातो.

म्हणून नियम सोपा आहे: जड वस्तू खाली, गाडीच्या मध्याजवळ आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटून. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, बूट साइड बॅगेत. कपडे, चादर, स्लीपिंग बॅग मागे वर. हँडलला पिशव्या लटकवू नका. त्या वळताना अडतात आणि चाकात जाऊ शकतात.

साइड स्टँडवर नेमकं काय बिघडतं?

इथे अनेकांचा अंदाज चुकतो. सामान चढलं की मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबतात आणि गाडी खाली बसते. स्टँडची लांबी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे गाडी डावीकडे नेहमीपेक्षा कमी कलते आणि जास्त सरळ उभी राहते. उजव्या बाजूची बॅग जड असेल, तर हलक्या धक्क्यानेही ती उजवीकडे पडू शकते.

जमीन मऊ असेल तर उलट होतं. स्टँडचं टोक मातीत किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरात रुततं आणि गाडी डावीकडे झुकते. स्टँडखाली सपाट दगड किंवा फळीचा तुकडा ठेवल्याने हे टळतं.

मागच्या स्प्रिंगला घट्ट करायची सोय बहुतेक गाड्यांना असते. प्रवासाआधी मेकॅनिककडून ती एक-दोन घर वाढवून घ्या. गाडी कमी बसते आणि स्टँडवर नीट कलते.

सामान कोणत्या क्रमाने बांधावं?

गाडी सपाट, टणक जागी उभी करा. डबल स्टँड असेल तर तोच लावा. साइड स्टँडवर भरत असाल, तर आधी डावी बॅग अडकवा, मग उजवी, शेवटी मागची. डावीकडचं वजन स्टँडवर टेकतं, उजवीकडचं गाडीला स्टँडवरून उचलू पाहतं. सामान काढताना क्रम उलटा: आधी मागची, मग उजवी, शेवटी डावी.

हुकाच्या रबरी दोऱ्या ताणल्या जातात आणि सामान हलत राहतं. हूक सुटून डोळ्याला लागण्याची भीतीही असते. बकल असलेले पट्टे जास्त भरवशाचे. पट्ट्याचं मोकळं टोक खोचून टाका, कारण ते चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं तर चाक जाम होऊ शकतं. बॅग सायलेन्सरला टेकत नाही आणि टेललाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकत नाही, हेही बघा.

मग चढायचं कसं?

चढण्याआधी तीन गोष्टी करा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे ती पुढे सरकून स्टँड मिटणार नाही. हँडल सरळ धरा. उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून ठेवा. चढण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, गुडघा मोडून. गाडीच्या डावीकडे, सीटच्या अगदी जवळ उभे राहा. दोन्ही हात हँडलवर ठेवून अंग टाकीकडे झुकवा. उजवा गुडघा छातीकडे ओढा आणि पाय बॅगेवरून नाही, तर टाकी आणि बॅग यांच्यामधल्या जागेतून पलीकडे न्या. बहुतेकांसाठी हा मार्ग सगळ्यात सुरक्षित. यासाठी बॅग बांधतानाच ती थोडी मागे ठेवून सीटवर मोकळी जागा सोडावी लागते. सैल रेनकोट किंवा सुटलेली लेसही अडकते, ती आधी आवरा.

दुसरा, फूटरेस्टवर उभं राहून. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवावा तसा डावा पाय फूटरेस्टवर ठेवून उजवा पाय वरून फिरवायचा. उंच गाड्यांवर अनेक जण असंच चढतात. पण यात चढणाऱ्याचं वजन आणि सामानाचा भार मिळून स्टँडवर येतो. स्टँड फक्त उभ्या गाडीसाठी बनवलेला असतो. तो वाकू शकतो किंवा रुतू शकतो. जमीन पक्की असेल आणि दुसरा इलाज नसेल तरच हा मार्ग वापरा. अंग गाडीच्या मध्याकडे झुकलेलं ठेवा, बाहेर नाही.

तिसरा, आधी माणूस, मग सामान. तुम्ही गाडीवर बसा आणि सोबतच्याला मागची बॅग बांधायला सांगा. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी आणि उंची कमी असणाऱ्यांसाठी हाच सोपा उपाय आहे.

बसल्यावर लगेच स्टँड उचलू नका. आधी गाडी सरळ करा, दोन्ही पायांवर तोल घ्या आणि मगच स्टँड मिटवा.

डबल सीट जाताना काय वेगळं?

चालवणारा आधी बसतो, दोन्ही पाय रोवतो, ब्रेक धरतो आणि मग 'बस' म्हणतो. न सांगता मागे चढणं हे तोल जाण्याचं हमखास कारण आहे. मागच्याने डावीकडून, चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चढावं. मागे बॅग असेल तर त्यानेही गुडघा मोडूनच पाय पलीकडे न्यावा. साडी नेसलेली व्यक्ती एका बाजूला बसली की वजन डावीकडे जास्त येतं. अशा वेळी जड बॅग डावीकडे नको.

उतरताना आधी मागचा, मग चालवणारा. उतरण्याआधी स्टँड पूर्ण उघडलाय का, हे पायाने चाचपून बघा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाशिवाय एकच व्यक्ती बसू शकते. ट्रिपल सीट गेल्यास कलम १९४ सी नुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरू शकतं.

२०२० मध्ये केंद्राने नियमांत बदल करून दुचाकीवरच्या हलक्या पेटीची मापं ठरवली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. पेटी मागच्या सीटच्या जागी बसवली असेल, तर गाडीवर फक्त चालकच बसू शकतो.

निघण्याआधी पाच मिनिटं

- टायरमधली हवा: एकट्यासाठी आणि पूर्ण भारासाठी वेगवेगळे आकडे पुस्तिकेत असतात. भारासाठीचा आकडा पाळा.
- हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. काही अडतंय का बघा.
- मोकळ्या जागेत एक फेरी मारून ब्रेक लावून बघा. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं.
- १०-१५ किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

एवढं करूनही उभी गाडी पडायला लागली, तर तिला सोडा आणि बाजूला व्हा. भार धरून दीडशे-दोनशे किलोची कलती गाडी अडवण्याच्या नादात पाय अडकतो आणि पाठ धरते. पडल्यावर इंजिन बंद करा, सामान काढा आणि शक्यतो कुणाच्या तरी मदतीने गाडी उभी करा. वाकलेला लिव्हर शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळतो, पण मोडलेला घोटा जुळायला कित्येक आठवडे लागतात.