मृगया

मृगया : शिकार या अर्थाचा प्राचीन संस्कृत शब्द. शोधणे, माग काढणे या अर्थाच्या ‘मृग्’ धातूशी तो संबद्ध आहे. वैदिक भाषेत ‘मृग’ म्हणजे केवळ हरिण नव्हे, तर सामान्यतः कोणताही वन्य पशू होय. मृगेंद्र (सिंह) व शाखामृग (वानर) या शब्दांत हा जुना अर्थ टिकून आहे. त्यामुळे मृगया म्हणजे हरिणाचीच शिकार, हा समज बरोबर नाही. अमरकोशात आच्छोदन, मृगव्य व आखेट हे तिचे पर्याय दिले आहेत.

मृगया हा राजांचा विनोद मानला जाई. तथापि शास्त्रकारांनी तिची गणना व्यसनांत केली. मनुस्मृतीत दहा कामज व्यसनांत तिचा उल्लेख प्रथम येतो. कौटिल्यानेही तिला व्यसनच मानले. परंतु व्यायाम, मेदनाश, चल व स्थिर लक्ष्यांवरील नेमाचा सराव आणि पशूंच्या चित्तवृत्तींचे ज्ञान हे तिचे लाभही नमूद केले. महाभारतातील पांडूची व रघुवंशातील दशरथाची कथा मृगयेतून ओढवलेल्या शापाच्या आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखात, पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, त्याऐवजी आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी धर्मयात्रा सुरू केली, असे म्हटले आहे. या लेखाचा एक खंड १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा (ठाणे जिल्हा, आता पालघर जिल्हा) येथे मिळाला.

मराठीत मृगया हा शब्द ग्रंथिकच राहिला. बोलीत फार्सी ‘शिकार’ व देशी ‘पारध’ हे शब्द रूढ झाले. पारध हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’ (पापाची वृद्धी) यापासून प्राकृत ‘पारद्धि’ या रूपाद्वारे आला आहे. राजाच्या शिकारीला मृगया हे भारदस्त नाव लाभले. उलट पोटासाठी शिकार करणाऱ्या पारधी समाजाच्या नावातच पापाचा निर्देश दडून राहिला. पुढे ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली (पहिला कायदा १८७१) काही पारधी गटांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध घातले. राजाचा विनोद तत्पूर्वीच ओसरला होता. पारध्यांपुढे मात्र उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला.