इटलीचा प्रवास : राजरस्ता आणि आडवाट

इटलीस जावयाचें ठरलें कीं घरोघरीं पहिला प्रश्न एकच निघतो : हाताशीं असलेल्या आठदहा दिवसांत पाहावयाचें काय ? रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हीं नांवें कोणी न सुचवितांच यादीच्या शिरोभागीं जाऊन बसतात. मग घरांतील एखादा चिकित्सक तरुण विचारतो, "जेथें सारें जग लोटतें तेथेंच आपणही कां जावें ? इटलीचे वीस प्रांत आहेत. उंब्रिया, बासिलिकाता, पुल्या यांनीं काय अपराध केला?" यावर वडील माणसांचें उत्तर ठरलेलें असतें : "जाणें एकदांच होणार. काशीस जाऊन विश्वनाथ न पाहतांच परतावयाचें काय ?"

या वादाचा निकाल बहुधा ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीवर सोंपविला जातो. मला वाटतें, तो थोडा इतिहासावर सोंपवून पाहावा. कारण ही तीन शहरांची यादी कांहीं देवानें धाडलेली नाहीं. ती माणसांनीं, आपापल्या गरजेप्रमाणें, कित्येक शतकांत तयार केलेली आहे.

या यादीचे पहिले कर्ते म्हणजे यात्रेकरू. १३०० सालीं पोप आठवा बोनिफेस यानें पवित्र वर्ष जाहीर केलें आणि त्या वर्षीं रोमच्या मुख्य चर्चांचें दर्शन घेणारास पापक्षमेचें आश्वासन दिलें. युरोपच्या कानाकोंपऱ्यांतून माणसें रोमकडे चालूं लागलीं. त्यांच्या पावलांनीं वाटा रुळल्या, वाटांवर धर्मशाळा उभ्या राहिल्या. यात्रेकरूंच्या मागून आले ते धनवान इंग्रज तरुण. विद्याभ्यास संपल्यावर शिक्षकास बरोबर घेऊन फ्रान्स व इटली पाहून यावयाचें, अशी त्यांच्यांत रीत पडली. रिचर्ड लॅसल्स या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १६७० सालीं प्रसिद्ध झालेल्या इटलीप्रवासाच्या ग्रंथांत या फेरीस 'ग्रँड टूर' हें नांव आढळतें. या तरुणांस लॅटिन ग्रंथांत वाचलेलें रोम पाहावयाचें होतें, चित्रें विकत घ्यावयाचीं होतीं आणि व्हेनिसच्या उत्सवांत मौजही करावयाची होती. तिसरा कर्ता टॉमस कुक. १८६४ सालीं त्यानें इटलीच्या सहली सुरू केल्या, आणि सरदारपुत्रांची वाट मध्यमवर्गास मोकळी झाली. वाट मात्र तीच राहिली ! आज रोमहून फ्लॉरेन्सवरून व्हेनिसला जाणारी वेगवान आगगाडी त्याच जुन्या ओळीवरून धांवते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कीर्ति सुद्धां स्थिर नसते. जर्मन कवि ग्योटे १७८६ सालीं इटलींत उतरला तेव्हां रोमच्या ओढीनें तो इतका उतावीळ झाला होता कीं, फ्लॉरेन्समध्यें त्यानें अवघे तीन तास काढले. असिसी येथें तर तो प्राचीन मिनर्व्हादेवीचें मंदिर आवर्जून पाहून पुढें गेला. जेथें आज प्रवाशांची रीघ लागते त्या संत फ्रान्सिसच्या चर्चकडे त्यानें वळूनही पाहिलें नाहीं. ग्योटेची रसिकता कमी होती असें कोण म्हणेल ? पण त्या काळीं ग्रीकरोमन अवशेषांची प्रतिष्ठा मोठी होती, आणि मध्ययुगीन चित्रकलेकडे रसिकांचे डोळे अद्याप लागावयाचे होते. तात्पर्य, अवश्य पाहावें असें जें आज आपणांस सांगितलें जातें तें प्रत्येक पिढीस सांगितलें गेलें होतें असें नाहीं.

मग उरलेली इटली मागें कां पडली ? तेथें पाहण्यासारखें नव्हतें म्हणून नव्हे. १८६१ पूर्वीं इटली हें एक राज्यच नव्हतें. व्हेनिस त्यास १८६६ त आणि रोम १८७० त मिळालें. तोंवर एका राज्यांतून दुसऱ्यांत जातांना परवाना दाखवावा लागे, जकात भरावी लागे. दक्षिणेंत हिवतापाचा कहर, रस्त्यांचा अभाव आणि दरोडेखोरांचें भय. त्यामुळें बहुतेक प्रवासी नेपल्सवरूनच माघारे फिरत. कार्लो लेव्ही या तुरीनच्या डॉक्टर-चित्रकारास मुसोलिनीच्या सरकारनें १९३५ सालीं बासिलिकातांत हद्दपार केलें. तेथील अनुभवांवर त्यानें लिहिलेलें पुस्तक १९४५ सालीं निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ असा कीं, क्रिस्त एबोली गांवापाशींच थांबला. त्यापलीकडे धर्मही पोंचला नाहीं कीं सुधारणाही पोंचली नाहीं. जो प्रदेश खुद्द इटालियनांस अनोळखी होता तो परक्या प्रवाशाच्या यादींत कसा येणार ?

येथवर आलों म्हणजे आपला मूळ प्रश्नच थोडा बदलतो. प्रसिद्ध शहर कीं अप्रसिद्ध प्रांत, असा पेंच आपण घालतों. पण इतिहासांत हीं दोन्ही अशीं वेगळीं कधींच नव्हतीं. प्रत्येक प्रसिद्ध शहराचीं मुळें कोणत्या तरी अप्रसिद्ध मुलुखांत गेलेलीं आहेत. झाड पाहून समाधान होत नसेल त्यानें एक मूळ धरून चालावें.

व्हेनिसच घ्या. हें नगर दलदलींत ठोकलेल्या असंख्य लांकडी खुंटांवर उभें आहे. हें लांकूड कोठलें ? पुष्कळसें उत्तरेकडील कादोरे या डोंगराळ भागांतलें. तेथील ओंडके प्याव्हे नदींत तराफ्यांच्या रूपानें सोडीत आणि ते खालीं समुद्राकडे येत. ज्याच्या रंगांनीं व्हेनिसची चित्रकला जगांत गाजली तो तित्स्यान हाही कादोरेचाच. प्येव्हे दि कादोरे या डोंगरगांवीं त्याचें जन्मघर म्हणून जें दाखवितात तें आजही पाहावयास मिळतें. व्हेनिस पाहून कादोरेस जाणारा प्रवासी व्हेनिस सोडीत नाहीं, त्याच्या पायाकडे जातो.

फ्लॉरेन्सची गोष्ट निराळी. तेथील सांता क्रोचे या चर्चमध्यें दांतेचें भव्य स्मारक आहे, पण तें रिकामें आहे. १३०२ सालीं या नगरानें आपल्या सर्वश्रेष्ठ कवीस हद्दपार केलें. तो पुन्हां घरीं आला नाहीं आणि १३२१ सालीं रावेन्ना येथें वारला. पुढें फ्लॉरेन्सनें त्याच्या अस्थि वारंवार मागितल्या. रावेन्नानें त्या दिल्या नाहींत. आज त्याच्या समाधीवरील दिव्याचें तेल दरवर्षीं फ्लॉरेन्सहून येतें. हें रावेन्ना ४०२ पासून पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होतें, आणि ४७६ सालीं शेवटचा बादशहा पदच्युत झाला तोही तेथेंच. पांचव्या-सहाव्या शतकांतील तेथील चर्चांच्या भिंतींवर काचेच्या रंगीत तुकड्यांनीं जडविलेलीं चित्रें अजून झळकत आहेत. फ्लॉरेन्सच्या राजरस्त्यावरून निघून अशा ठिकाणीं जाणें ही केवळ हौस कशी म्हणावी ?

रोमहून तर प्रत्यक्ष रस्ताच निघतो. इ. स. पू. ३१२ त ॲप्पियस क्लॉडियस यानें आरंभिलेली आप्पिया नांवाची सडक पुढें दक्षिणेस ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेली. वाटेवरील व्हेनोसा हें होरेस कवीचें जन्मगांव. शेवटचें ब्रिंदिसी हें व्हर्जिलचें मृत्युस्थान. २०२४ सालीं युनेस्कोनें या सडकेस जागतिक वारशांत स्थान दिलें. ब्रिंदिसीशीं तर आपल्या मुंबईचा जुना ऋणानुबंध आहे. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावर लंडनहून हिंदुस्थानास येणारी टपाल आगगाडीनें ब्रिंदिसीस येई आणि तेथून बोटीनें मुंबईची वाट धरी. हा क्रम पहिल्या महायुद्धापर्यंत चालला.

पण आपल्यापैकीं कोणी इटलीस जाणार असेल तर त्याच्यासाठीं याहून जवळचे दोन धागे आहेत. रोममधून वाहणारी टायबर नदी वर उत्तरेकडून, उंब्रियाच्या खोऱ्यांतून येते. दुसऱ्या महायुद्धांत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलींत लढल्या. त्या टायबरच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील माणसें शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यानें पडलीं. घाडगे एकटेच त्या तोफखड्ड्यावर धांवून गेले, बाँब टाकून ती तोफ बंद पाडली, बंदूक भरावयास उसंत नाहीं असें पाहून शेवटच्या दोघांस दस्त्यानें लोळविलें, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं तेथेंच पडले. रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा हा तरुण तेव्हां अवघा बावीस वर्षांचा होता. रावेन्नाच्या पश्चिमेस सपाटींतून सेन्यो नदी वाहते. तिच्या कांठीं ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं दोघां जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून, उभा बांध चढून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुखरूप पोंचविलें, आणि मग परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव घरीं परतले, घाडगे परतले नाहींत. उंब्रियांतील मोंतोने या लहानशा गांवानें २०२३ सालीं घाडग्यांच्या नांवानें छायायंत्राचें स्मारक उभारलें. परक्या गांवानें ज्याची आठवण ठेविली त्याच्या आठवणीसाठीं आपण रोमपासून अर्धा दिवस वर जाऊं नये काय ?

आतां या निवडीची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. व्हेनिसच्या मूळ बेटावर १९५१ सालीं सुमारें पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ पर्यंत ती वस्ती पन्नास हजारांच्या खालीं उतरली. घरें पाहुण्यांसाठीं गेलीं, रहिवासी मुख्य भूमीवर गेले. २५ एप्रिल २०२४ पासून कांहीं ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरतें येणारांवर नगरपालिकेनें पांच युरोंचा प्रवेशकर बसविला. शहर पाहण्याच्या लोभानेंच शहर रिकामें होऊं शकतें, हें यावरून दिसतें. तथापि अप्रसिद्ध गांव सुरक्षित असतें असेंही समजूं नये. बासिलिकातांतील मातेरा येथें लोक पिढ्यान्‌पिढ्या कड्यांत कोरलेल्या गुहांत गुराढोरांसह राहत. राष्ट्रास त्याची लाज वाटली, आणि १९५२ च्या कायद्यानें सुमारें पंधरा हजार माणसें तेथून हलविलीं गेलीं. त्याच ओस गुहा १९९३ सालीं जागतिक वारसा ठरल्या. २०१९ सालीं मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालें. ज्या गुहांतून गरिबांस बाहेर काढलें त्यांपैकीं कित्येकांत आज हॉटेलें आहेत. आडवाटेचा राजरस्ता होण्यास अशीं थोडींच वर्षें पुरतात.

म्हणून, श्रोतेहो, माझी सूचना साधी आहे. प्रथम जाणारानें प्रसिद्ध शहरें टाकूं नयेत. तीं टाकण्यांत ऐट आहे, शहाणपण नाहीं. पण तिन्ही शहरें तीनतीन दिवसांत उरकण्याऐवजीं एकच शहर निवडावें, तेथें चार दिवस नीट राहावें, आणि उरलेले दिवस त्या शहराच्या एका धाग्यास द्यावे. रोम निवडलें तर टायबरनें वर मोंतोनेस जावें, किंवा आप्पियाच्या सडकेनें खालीं ब्रिंदिसीस. फ्लॉरेन्स निवडलें तर दांतेच्या मागोमाग रावेन्नास. व्हेनिस निवडलें तर तराफ्यांच्या उलट दिशेनें कादोरेस. गैरसोय होईल. मोटारगाड्या थोड्या, रविवारीं त्याहून थोड्या. दुपारीं दुकानें बंद. इंग्रजी बोलणारा मिळेलच असें नाहीं. पूर्वीं याच अडचणींनीं प्रवासी माघारे फिरत. आज त्या वेळापत्रक आधीं पाहून ठेवणारास अडवीत नाहींत. मात्र या वाटेनें गेल्यावर दोन शहरें आपण पाहिलीं नाहींत ही चुटपुट लागून राहील. ती राहूं द्यावी. सबंध इटली पाहिली असें म्हणून परत येणारापेक्षां, एक नदी किंवा एक रस्ता शेवटपर्यंत पाहिला असें म्हणणारास त्या देशाविषयीं अधिक सांगतां येईल.